गळ्यातली बिस्किटे आणि हलव्याचे दागिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या बुधवारच्या अंकात, वाचकांच्या पत्रव्यवहारात, एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. छत्रपती संभाजीनगरात काही मुलींनी एकत्र जमून जपानमधील एका दागिन्यांच्या ब्रँडचा वाढदिवस साजरा केला, गळ्यात बिस्किटे आणि कानांत केक अडकवून छायाचित्रे काढली, आणि ऐन संक्रांतीच्या दिवसांत आपल्या मुलींना हे परदेशी खूळ सुचावे याचे आपल्याला वाईट वाटले, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या कार्यक्रमाला मी स्वतः हजर होते. कार्यक्रम माझ्या भाचीच्या घरी झाला, आणि पत्रासोबत आपण जे छायाचित्र छापले आहे त्याच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या साडीतली जी बाई अर्धी कापली गेली आहे, ती मीच. त्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

समारंभ म्हणावा इतके मोठे ते काही नव्हते. सिडकोतल्या तीन खोल्यांच्या घरात चौदा जणी जमल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या जपानी भाषेच्या वर्गातल्या, काही भाचीच्या कार्यालयातल्या, आणि पहाटेच्या एसटीने लातूरहून पोहोचलेली मी. भाची दोन वर्षे नोकरीनिमित्त टोकियोत होती आणि तिथेच तिला या दागिन्यांचा नाद लागला. क्यू-पॉट हे त्या ब्रँडचे नाव. वाकामात्सु तादाआकि या डिझायनरने तो 2002 साली सुरू केला. चॉकलेट, मॅकरॉन, बिस्किट, फेटलेले क्रीम अशा गोड पदार्थांचे रूप दागिन्याला द्यायचे, ही त्याची ओळख. डोकोमो या तिकडच्या दूरध्वनी कंपनीबरोबर त्यांनी एकदा मोबाइलसुद्धा काढला होता आणि त्याच्या पाठीवर स्ट्रॉबेरीचे चॉकलेट वितळून ओघळल्यासारखे दिसत असे, असे भाचीने सांगितले तेव्हा मला हसू आवरेना. कारण पहिल्या संक्रांतीला जावयासाठी हलव्याचा मोबाइल आणि हलव्याचे घड्याळ करून मागणाऱ्या सासूबाया माझ्याकडे दरवर्षी येतात. ब्रँडला वीस वर्षे झाली तेव्हापासून एकदा सर्वांनी जमायचे असे या मुलींचे चालले होते. संक्रांत झाल्यानंतरच्या रविवारी ते जमले. तो दिवस हळदीकुंकवाला धरूनच ठरवला होता आणि आलेल्या प्रत्येकीला वाणही लुटले, हे पत्रलेखकांना छायाचित्रावरून कळण्यासारखे नव्हते.

टोकियोच्या ओमोतेसांदो भागात या ब्रँडचे एक कॅफे आहे. तिथे एक बशी मिळते, तिच्यावर गळ्यातली माळ रेखाटलेली असते आणि त्या माळेचे पदक म्हणून मधोमध खराखुरा गोड पदार्थ ठेवलेला असतो. भाचीने तीच कल्पना घरच्या स्टीलच्या ताटल्यांवर उतरवली. चॉकलेटच्या पातळ धारेने तिने प्रत्येक ताटलीत मण्यांची माळ काढली आणि पदकाच्या जागी कुंथलगिरीचा पेढा ठेवला. खव्याचा तो तपकिरी, किंचित खडबडीत पेढा त्या काळ्या मण्यांखाली इतका शोभला, की पहिला घास घ्यायला कोणीच धजेना. शेवटी आमच्यातली सर्वांत लहान, सहा वर्षांची एक चिमुरडी पदक उचलून मोकळी झाली.

आता ज्या बिस्किटाचा पत्रलेखकांना राग आला, त्याविषयी. भाचीच्या गळ्यातले ते बिस्किट मी हातात घेऊन चांगले न्याहाळले. चौकोनी, आगपेटीहून थोडे लहान, कडेला भाजल्याचा गडद रंग, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी भोके, आणि एका कोपऱ्यात कोणी दात लावल्यासारखा तुकडा निघालेला. त्या तुटलेल्या जागी आतला भाग बाहेरच्यापेक्षा फिकट आणि रवाळ दाखवला होता. ज्याने कधी बिस्किट मोडून त्याची कड लक्ष देऊन पाहिली नसेल, त्याला हे जमणार नाही. नकळत मी ते नाकाशी नेले, तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, वास नाही यायचा, सगळे डोळ्यांचेच खेळ आहेत." खाण्याच्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती करण्याचे कसब जपानमध्ये जुने आहे. इवासाकी ताकिझो यांनी 1932 साली ओसाकात मेणाचे पदार्थ करण्याचा व्यवसाय सुरू केला. उपाहारगृहांच्या काचेच्या कपाटांत मांडायला ते लागत. त्यांचे मूळ गाव गुजो हाचिमान आजही त्या कामासाठी ओळखले जाते. भाचीने सांगितलेली ही माहिती ऐकताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: मेणाच्या भज्यांचा धंदा पहिल्यांदा कोणी उभा केला, त्याचे नाव, गाव आणि साल तिथे लोकांना ठाऊक आहे.

मी रिकाम्या हाताने गेले नव्हते. पत्र्याच्या डब्यात, खाली वर्तमानपत्र आणि वर मलमल घालून, हलव्याचा एक पूर्ण साज नेला होता: मुकुट, हार, बाजूबंद, तोडे, कमरपट्टा आणि नथ. डबा उघडला तेव्हा वयाने मोठ्या होत्या त्या ओळखीचे हसल्या आणि लहानांनी एकदम विचारले, "हे खाता येतं?" येते, आणि माझ्या मते साऱ्या कार्यक्रमातली खरी गंमत तिथेच होती. जपानी दागिना पाहून तोंडाला पाणी सुटते पण तो खाता येत नाही, आणि आमचा दागिना अंगावर मिरवून झाला की संध्याकाळी वाटून खाता येतो. मात्र जे साज सोनेरी कागदावर डिंकाने चिकटवलेले असतात ते खाऊ नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवते. बाजारात आता तसेच जास्त दिसतात.

मी 22 वर्षे हे काम करीत आहे, म्हणून ते कसे होते ते थोडे सविस्तर लिहिते. दिवाळीनंतर मागण्या येऊ लागतात आणि थंडी पडली की पाकाला बसावे लागते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतात जेवायला जाण्यापूर्वी सगळा दाणा तयार हवा, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता आणि मी तो पाळते. शेगडीत निखारे, त्यांवर राखेचा पातळ थर, वर परात, परातीत साबुदाणा, खसखस किंवा तीळ, आणि बाजूला लिंबू पिळून स्वच्छ केलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि तो दाण्यांवर सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे, मग पुन्हा चमचाभर. घाई केली तर पाकाची पिठी होते, आच वाढली तर दाणा पिवळा पडतो, आणि आभाळ आले तर दिवसभर हात हलवूनही काटा धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे काटे उभे राहतात. ते मुद्दाम कोणी काढत नाही, पाक सुकता सुकता आपोआप येतात. पुढे दागिना बांधताना हेच काटे कामाला येतात, कारण हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही; एकेका दाण्याला दोऱ्याची गाठ मारावी लागते आणि काट्यांमुळे ती गाठ निसटत नाही. एका हाराला अशा अडीच-तीनशे गाठी बसतात. माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना आता गरम-थंड नीट कळत नाही, एवढे यात सगळे आले.

खाण्याच्या वस्तूंना दागिन्यांचे रूप देणे हे परदेशी खूळ आहे, हे पत्रलेखकांचे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. लातूरच्या सराफ लाइनीत जाऊन कोणत्याही जुन्या पेढीवर विचारावे. ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यांची जोंधळी पोत, आत लाख भरलेल्या, बोराएवढ्या सोन्याच्या मण्यांची बोरमाळ, पोह्यांसारख्या चपट्या मण्यांचा पोहेहार, हे दागिने आमच्या आज्या घालत होत्या. चिंचपेटीच्या तर नावातच चिंच आहे. ज्या मुलखात वर्षभराचे पोट ज्वारीवर चालते, तिथल्या बाईने ज्वारीचा दाणा सोन्यात घडवून गळ्यात घालावा, यात कोणाला खूळ दिसले नाही. होळी-पाडव्याला पोरांच्या गळ्यात घातलेली साखरेची गाठी हा तरी दुसरा कोणता प्रकार आहे? टोकियोतल्या मुलीला चॉकलेटविषयी जे वाटते, ते आमच्याकडे बोराविषयी आणि जोंधळ्याविषयी वाटत होते.

त्यांचा दुसरा आक्षेप पैशाच्या उधळपट्टीचा आहे आणि तो मी अर्धा मान्य करते. भाचीच्या बिस्किटाची किंमत ऐकून मीही डोळे मोठे केले. मात्र त्या चौदा जणींत मूळ ब्रँडची वस्तू तिघींकडेच होती. बाकीच्यांनी घरी मातीची आणि राळेची कानातली केली होती, काही फारच चांगली. आणि एकीने सरळ बाजारातली नक्कल आणली होती, तिला इतर मुलींनी त्यावरून टोकलेही. ज्याने आकार शोधला त्याला विचारल्याशिवाय तो जसाच्या तसा उचलून विकणे बरोबर नाही, यावर त्या पोरींचे एकमत होते. त्यांतलीच एक, मातीचे दागिने करून विकणारी, निघताना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या मुकुटावरची ही वेल मी कानातल्यांत वापरू का? खाली तुमचं नाव लिहीन." 22 वर्षांत असे मला कोणी विचारले नव्हते. मी हो म्हटले, पण परतीच्या एसटीत अंबाजोगाई येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

माझा अनुभव याच्या अगदी उलटा आहे. पुण्यातील एका दुकानाकडे मी काही वर्षे साज पाठवीत होते. एक संपूर्ण साज ते माझ्याकडून साडेचारशे रुपयांना घेत आणि काचेच्या झाकणाच्या खोक्यात घालून चौदाशेला विकत. दुकानाचा खर्च असतो, हे मला समजते, आणि त्यावर माझे भांडण नाही. पण त्या खोक्यावर 'आमची खास निर्मिती' अशी चिठ्ठी असे. एका वर्षी मी प्रत्येक हाराच्या मागे, मानेशी येणाऱ्या पट्टीवर, माझे नाव आणि लातूर एवढे दोनच शब्द लिहिलेला कागद दोऱ्याने बांधून पाठवला. त्याच संक्रांतीला माझ्या नात्यातल्या एका मुलीला सासरकडून नेमका माझाच साज आला. पट्टीवरचा कागद कात्रीने काढलेला होता, दोऱ्याची टोके तेवढी शिल्लक होती. पुढच्या वर्षीपासून मी तिकडे माल पाठवणे बंद केले.

मराठवाड्यात हे काम करणाऱ्या बायका लातुरात आहेत, परभणीत आहेत, नांदेडला आहेत. बहुतेक जणी घरच्या घरी करतात आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी ते काम 'बायकांची हौस' एवढ्या नावाने जमा होते. बचत गटांच्या प्रदर्शनांत पापड-लोणच्यांना मेज मिळते. हलव्याचे दागिने मात्र हंगामी असल्याचे सांगून कोपऱ्यात बसवले जातात आणि पाटीवर गटाचा क्रमांक असतो, करणारीचे नाव नसते. वाकामात्सु यांचे नाव टोकियोहून सिडकोपर्यंत येऊन पोहोचते आणि लातूरच्या बाईचे नाव लातुरातही खोक्यावर टिकत नाही, याचे वाईट वाटायला हवे होते. पत्रलेखकांना ते भलत्याच गोष्टीचे वाटले.

यात आपल्या दैनिकाचाही थोडा वाटा आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच. दरवर्षी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण वाचकांनी पाठवलेली बोरन्हाणाची आणि नव्या नवरीच्या हळदीकुंकवाची छायाचित्रे छापता. त्यांखाली बाळाचे नाव असते, आईवडिलांची नावे असतात, छायाचित्रकाराचेही नाव असते. यंदाच्या पहिल्याच पुरवणीत सात छायाचित्रे होती; त्यांतल्या दोन बाळांच्या अंगावरचे दागिने माझ्या हातचे होते, मुकुटाच्या वेलीवरून मी ते ओळखले. रथसप्तमीला अजून काही दिवस आहेत आणि छायाचित्रे येतच राहतील. ती मागवण्यासाठी आपण जी चौकट छापता, तिच्यात बाळाचे नाव आणि गाव यांच्याखाली 'दागिने कोणी केले' अशी एक ओळ वाढवावी, एवढी विनंती आहे.

आपली विश्वासू,
हलव्याचे दागिने करणारी एक वाचक, लातूर

ता. क. : हे पत्र छापल्यास नाव द्यावे की नाही, यावर मी बराच विचार केला. मागणी नावाची असूनही इथे ते दिलेले नाही, कारण हे पत्र माझ्या एकटीसाठी नाही. छायाचित्रांखाली मात्र जरूर द्यावे. वेल पाहून ओळखणाऱ्या बायका गावोगावी आहेत, त्या आपल्याला कळवतील.