आगमनकाळाचे रोजचे चिंतन छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, ख्रिस्ती उपासना-वर्ष सुरू होत आहे आणि त्याच दिवसापासून आगमनकाळही. नाताळपूर्वीचे चार रविवार आणि त्यांच्या आगेमागे येणारे वार मिळून येशूच्या येण्याची वाट पाहण्याचा हा काळ होतो. यंदा तो २४ डिसेंबरपर्यंत, म्हणजे २५ दिवसांचा आहे. आषाढी वारीत पालख्यांच्या मुक्कामागणिक आपल्या दैनिकात अभंगाचे निरूपण येते, रमजानमध्ये रोजामागची भूमिका सांगणारा मजकूर येतो, पर्युषणात क्षमापनेवर लेख असतो आणि हे सारे मी आवडीने वाचतो. डिसेंबरमध्ये मात्र ख्रिस्ती समाजाविषयी जे छापले जाते ते केक, रोषणाई, सांताक्लॉज आणि २४ तारखेच्या रात्रीची छायाचित्रे यांच्यापुढे सहसा जात नाही. ते येऊ नये असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या तयारीनंतर हा सण येतो तिचा मराठी वाचकाला पत्ताच नसतो. म्हणून या काळात दीडशे-दोनशे शब्दांचे रोजचे चिंतन आपण छापावे, अशी विनंती आहे.

आगमनकाळ म्हणजे नाताळचा गोडसर पूर्वरंग, अशी समजूत आमच्यातही पुष्कळांची आहे. प्रत्यक्षात या दिवसांत वेदीवर जांभळा रंग असतो, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, एरवी म्हटले जाणारे गौरवगीत म्हटले जात नाही आणि बायबलमधली त्या-त्या दिवशीची वाचने तर चांगलीच कडक असतात. यंदाच्या पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रातून वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यात, गोठ्यातले बाळ कुठेही नाही. तिथे नोहाच्या काळातला जलप्रलय आहे, रात्री घर फोडणारा चोर आहे आणि ‘जागे राहा’ अशी ताकीद आहे. दुसऱ्या रविवारी येशूची वाट तयार करणारा संदेष्टा योहान बाप्तिस्ता धर्मातल्या प्रतिष्ठितांना सापाची पिल्ले म्हणतो. बाळाच्या जन्माची हकिकत शेवटच्या आठवड्याखेरीज जवळ येत नाही.

माझ्या मते चिंतन लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तिसऱ्या रविवारी, १४ डिसेंबरला आहे. हा आनंदाचा रविवार मानला जातो आणि त्या दिवशी धर्मगुरूंना जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालण्याची मुभा असते. अशा दिवशी वाचले जाते काय, तर हेरोद राजाच्या तुरुंगात पडलेला योहान आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो, की जो येणार होता तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने आयुष्यभर इतरांना वाट दाखवली त्यालाच कोठडीत शंका आली आहे. येशू त्याला सरळ होय म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवार्ता मिळते, हे जे तुम्ही पाहता-ऐकता ते त्याला जाऊन सांगा, एवढेच तो म्हणतो. आणि योहानाची सुटका होत नाही ती नाहीच. त्याच मिस्सेत बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला उतारा आहे, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत शेतकरी भूमीच्या पिकाची धीराने वाट पाहतो, असा. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातले खरीप डोळ्यांदेखत वाहून गेलेल्या या वर्षी तो उतारा वाचून ‘धीर धरा’ एवढेच लिहिणारा माणूस मला चालणार नाही. धीर कशाच्या बळावर धरायचा, हे त्याला शोधावे लागेल.

सध्या आगमनकाळाची चिंतने मिळत नाहीत असे नाही. फोनवर रोज सकाळी दोन-तीन तरी येऊन पडतात. त्यातली बरीचशी इंग्रजीवरून घाईघाईने मराठीत आणलेली असतात, आणि त्यांत बर्फ पडत असतो, दुपारी चार वाजता अंधारून येत असते, मग त्या अंधारात एक मेणबत्ती पेटते. आगमनाच्या चक्राची, म्हणजे नाताळपर्यंत एकेक करून पेटवायच्या मेणबत्त्यांच्या चक्राची, प्रथा १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिख विखर्न यांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून सुरू केली. उत्तर जर्मनीच्या हिवाळ्यात दर दिवशी वाढत जाणाऱ्या उजेडाला केवढा अर्थ असेल! आमच्या चर्चमध्येही ते चक्र असते आणि मला ते आवडते. पण वसईत डिसेंबर म्हणजे भात झोडून घरात आलेले, वाडीत पालेभाज्यांचे वाफे हिरवेगार आणि सकाळचे ऊन हवेहवेसे वाटणारे, असा वर्षातला सर्वांत सुखाचा महिना. इथे उसना काळोख कशाला आणायचा? वाट पाहणे आपल्याकडे दुसऱ्या ठिकाणी आहे: टँकरसाठी लावलेल्या हंड्यांच्या रांगेत, सुनावणीची तारीख पुढेपुढे जात राहिलेल्या कच्च्या कैद्याच्या घरी, परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या ओटीवर. चिंतन इथून उगवले तरच ते ख्रिस्तीतर वाचकालाही आपले वाटेल.

लेखन केवळ धर्मगुरूंकडे सोपवू नये. धर्मभगिनी, शिक्षक, परिचारिका, शेतकरी यांच्यापैकी लिहिणारे पुष्कळ आहेत. कॅथलिकांप्रमाणेच उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चमध्येही आगमनकाळ पाळतात, तेव्हा अहिल्यानगर-सोलापूरकडचे लेखकही त्यात असावेत. मुंबई-पुण्यातले मलंकर ऑर्थोडॉक्स, म्हणजे मूळच्या केरळातल्या प्राचीन चर्चचे, बांधव १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास करतात, त्यावरही एखादा दिवस लिहिता येईल. काही ख्रिस्ती पंथ हा काळ मुळीच पाळत नाहीत, हेही कुठेतरी स्पष्ट व्हावे. धर्मप्रसाराचा आक्षेप आलाच, तर एवढेच सांगावे, की आपल्या सदरातील निरूपणे वाचून मी वारकरी झालो नाही, तुकोबा मात्र अधिक कळू लागले.

यंदा वेळ थोडा उरला आहे, हे जाणतो. संपूर्ण काळ शक्य नसेल तर १७ ते २४ डिसेंबर हे आठ दिवस तरी घ्यावेत. दरवर्षी १७ तारखेला मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. नावांची ती लांबलचक यादी ऐकताना निम्मे चर्च घड्याळाकडे पाहत असते. त्या यादीत मरियेच्या आधी चारच बायका येतात: सासऱ्याकडून आपला हक्क वसूल करणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, कापणी करणाऱ्यांच्या मागून कणसे वेचणारी परदेशी विधवा रूथ आणि दावीद राजाने जिच्या नवऱ्याला मारवले ती उरियाची बायको. त्या दिवशीच्या चिंतनाला दोनशे शब्द पुरणार नाहीत; तेवढ्यापुरती जागा वाढवून मिळावी.

आपला,
एक वाचक, वसई