जग कोण चालवतं ते छापलेलं असतं, वाचतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत सध्या 'खरी सत्ता कोणाच्या हातात' हा विषय चांगलाच तापलाय. एकाने जग चालवणारी तेरा घराणी लिहिली, दुसऱ्याने इल्युमिनाटी नावाचं गुप्त मंडळ, तिसऱ्याने बिल्डरबर्ग ही बड्या लोकांची बैठक, आणि मग एका गृहस्थांनी तिघांनाही वेड्यात काढून 'असलं काही नसतं' म्हणून विषय संपवला. मला चौघांचंही पटलेलं नाही. पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण इटलीचा भाग तेवढा ठेवा.

शेवटच्या गृहस्थांपासून सुरू करतो. कट होतात हो, चांगले भरपूर होतात. 1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांना अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी मिळून खाली खेचलं, भांडण होतं तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचं, आणि सीआयएच्या स्वतःच्या कागदांतून त्याची सरळ कबुली बाहेर यायला 2013 उजाडलं. अमेरिकेतल्या टस्कीगीला तर 1932 पासून 1972 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खातं सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या माणसांना उपचार करतोय असं सांगून नुसतं बघत बसलं, पेनिसिलीन बाजारात आल्यावरसुद्धा दिलं नाही. 1924 मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात टोळी केली आणि बल्ब 1000 तासांच्या आसपासच गेला पाहिजे असं ठरवलं, ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड! हे मनचं सांगत नाहीये, दंडाचे तक्ते सापडलेत. तेव्हा कट म्हटलं की लगेच हसायचं कारण नाही.

आता इटली. मार्च 1981. एका बुडीत बँकवाल्याच्या भानगडीचा तपास चाललेला, त्यात लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या कपड्याच्या कारखान्यावर, अरेझ्झो गावाजवळ, धाड पडली. तिथे सापडली एक यादी. 962 नावं. मंत्री, खासदार, लष्करातले जनरल, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, पत्रकार, आणि एक उद्योगपती जो पुढे पंतप्रधान झाला, बेर्लुस्कोनी. पी-टू नावाचं गुप्त मंडळ. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि काही दिवसांतच सरकार पडलं, पुढच्या वर्षी असल्या गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा झाला. म्हणजे 'पडद्यामागचे लोक' म्हणणाऱ्यांचं स्वप्नच की हे, शब्दशः खरं झालेलं.

पण नीट बघा ना त्याच्याकडे. इतकं गुप्त मंडळ आणि सभासदांची यादी ऑफिसात ठेवलेली! का, तर त्याशिवाय चालतच नाही, कोणाला कोणाची कामं करून द्यायची हे लक्षात कसं राहणार. त्यातले बरेच जण बढती, कर्ज, कंत्राट, वशिला यासाठीच आत शिरले होते. काही प्रकरणं फारच काळी निघाली, कोर्टात वर्षानुवर्षं गाजली, ते वेगळं. पण या मंडळींनाही एक देश धड मुठीत ठेवता आला नाही, आणि आपण मात्र अख्खं जग मुठीत ठेवणारे लोक धरून चाललोय, ज्यांचा एकही कारकून कधी नाराज होत नाही, एकही यादी राहत नाही आणि आपसात कधी पैशावरून वाजत नाही. माणसं आहेत का कोण आहेत?

इल्युमिनाटीवाल्यांसाठी दोन ओळी. बव्हेरियातल्या इंगोलस्टाटच्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने 1776 मध्ये काढलेलं मंडळ, आठनऊ वर्षांत तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घालून मोडलं. तेवढंच. त्यानंतर फ्रेंच क्रांतीपासून पॉप गाण्यांच्या व्हिडिओपर्यंत सगळ्याचं बिल त्यांच्या नावावर फाडलं जातंय.

तेरा घराण्यांचं मात्र मला हसू येत नाही, राग येतो. ही घराण्यांची गोष्ट थोडी खरवडली की खाली बहुतेक वेळा ज्यू लोकांवरचा तोच जुना आरोप निघतो. 1903 मध्ये रशियातल्या एका पेपरने ज्यूंच्या जगावर राज्य करायच्या योजनेची म्हणून 'गुप्त कागदपत्रं' छापली होती, 1921 मध्ये लंडनच्या टाइम्सने परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की हा माल 1864 च्या एका फ्रेंच उपहासात्मक पुस्तकातून चोरलाय, ज्यात ज्यूंचा संबंधच नव्हता, टीका होती फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर. इतकं उघडं पडूनही नाझींनी तेच वापरलं. पुढे काय झालं ते सांगायला नको. तेव्हा 'नुसतं फॉरवर्ड केलं, आपलं काय जातंय' म्हणणाऱ्यांनी जरा बघावं कुणाचं जातं ते.

बिल्डरबर्गवर माझा आक्षेप आहे, पण वेगळा. 1954 पासून भरते ती बैठक, शेसव्वाशे बडे लोक, आता तर पाहुण्यांची यादी आणि चर्चेचे विषय वेबसाइटवर टाकतात, आत कोण काय बोललं ते सांगत नाहीत. ते सांगायला पाहिजे असं माझं मत आहे, मंत्री पगार लोकांचा घेतात. पण तिथे वर्षाचं जग ठरतं वगैरे मला पटत नाही, या लोकांना एकमेकांशी बोलायला वर्षातून एकदा हॉटेल लागत नाही.

मग सत्ता कुठंय? बरीचशी उघड्यावर पडलीये. संयुक्त राष्ट्रांच्या 1945 च्या सनदेत पाच देशांना नकाराधिकार लिहूनच दिलाय, उरलेलं जग एका बाजूला आणि यातला एक देश दुसऱ्या बाजूला असला तरी सुरक्षा परिषदेचा ठराव पडतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठे निर्णय घ्यायला 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळाच्या आसपास आहेत, हिशोब करा. तिथला प्रमुख नेहमी युरोपचा आणि जागतिक बँकेचा नेहमी अमेरिकन, हे तर कुठे लिहिलेलंही नाही, तरी आजवर एकदाही चुकलेलं नाही. यावर कोणी व्हिडिओ काढत नाही कारण यात इल्युमिनाटीची खूण म्हणून दाखवतात तो पिरॅमिडवरचा डोळा नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हे. 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर अमेरिकेने 2010 मध्ये डॉड-फ्रँक कायदा केला, त्यात एक तरतूद होती की बँकांनी काही जोखमीचे डेरिव्हेटिव्ह व्यवहार सरकारी विम्याच्या ठेवी असलेल्या बँकेतून बाहेर, वेगळ्या कंपनीत न्यायचे. सरळ भाषेत, सट्टा खेळायचा तर खेळा पण लोकांच्या ठेवींच्या जिवावर नको. 2013 मध्ये ही तरतूद सैल करणारं विधेयक आलं, 85 ओळींचं. न्यूयॉर्क टाइम्सने ईमेल मिळवून दाखवलं की त्यातल्या 70 हून जास्त ओळींत सिटीग्रुप या बड्या बँकेच्या सूचना उतरल्यात, आणि दोन महत्त्वाचे परिच्छेद तर बँकांनी दिलेले जवळपास जसेच्या तसे, खासदारांनी काय केलं तर दोन शब्दांचं अनेकवचन केलं. एवढंच! ते विधेयक पुढे अडकलं, मग डिसेंबर 2014 मध्ये तीच गोष्ट सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात आत सरकवली आणि पास झाली, कारण ते अडवलं असतं तर सरकारी कामकाज बंद पडलं असतं. ना गुप्त खोली, ना मेणबत्त्या, ना शपथ. पेपरात बातमी छापून आलेली असताना सगळ्यांच्या डोळ्यादेखत झालं.

एका मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे हे तर छोटं आहे, खरे लोक याच्याही वर आहेत." इथेच सगळं फिसकटतं बघा. पुरावा असला की तो छोटा, नसला की म्हणजे लपवलाय. आणि वर बसलेल्या अदृश्य माणसाला ना निवडणुकीत पाडता येतं ना कोर्टात खेचता येतं, म्हणजे आपण काही करायलाच नको, घरी बसून हुशार असल्याचं समाधान फुकट. ज्याने त्या दोन शब्दांचं अनेकवचन केलं त्याला मात्र मतदारसंघ आहे, ऑफिसचा फोन आहे, पुढची निवडणूक आहे. त्याला हे तेरा घराण्यांचं प्रकरण किती सोयीचं पडत असेल!

म्हणून तुम्हाला विनंती, 'पडद्यामागे कोण' वरची पत्रं छापायची तर छापा, माझंही त्यातच आलं, पण शेजारी आठवड्याला एक चौकट सुरू करा. कुठला नियम बदलला, जुना मजकूर काय होता, नवा काय झाला, आणि तो बदला म्हणून निवेदन कोणी दिलं होतं. वाचायला कंटाळवाणी होईल, पहिले काही महिने तर कोणी दखलही घेणार नाही, तरी चालू ठेवा. आणि दोन्ही मजकूर शब्दशः छापा, सारांश नको.

आपला,
एक नियमित वाचक