चासी नंबर नसलेली गाडी

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जुन्या मोटारींच्या फेरीचा फोटो आला होता. पुढच्याच गाडीच्या पाटीवर 'केए'नंतर 'व्हीए' अशी अक्षरं होती, म्हणजे विंटेज, जपलेली जुनी गाडी म्हणून तिची सरकारी नोंद झालेली. बघून आनंद झाला आणि जीवही तुटला. माझ्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीला ही दोन अक्षरं मिळायला नियमात वाटच ठेवलेली नाही.

मी अनगोळचा. उद्यमबागेत चाळीस वर्षं लेथवर काम केलं. वडिलांचं वर्कशॉप शहापुरात होतं. 1970 साली निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या मुलासाठी त्यांनी रेसची गाडी बांधली. अपघातात चेपलेल्या फियाट 1100 चं 1089 सीसीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतला. त्या फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच तिची चासी. म्हणून वडिलांनी सीमलेस पाइप कापून फ्रेम स्वतः वेल्ड केली आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून बसवला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ते बाहेरून हातोडी मारायचे, मी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचो. तळहाताला आलेल्या झिणझिण्या अजून आठवतात. गाडी ट्रकवर चढवून मद्रासला नेली. तिथं शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ती दोन हंगाम पळाली. मग तंबाखूच्या वखारीत पडून राहिली. पाच वर्षांपूर्वी त्या घरानं ती माझ्या स्वाधीन केली.

नंबरासाठी मी एका कार्यालयात गेलो. तिथं पहिला प्रश्न आला, चासी नंबर काय? फ्रेम आमच्या वर्कशॉपची, तिच्यावर नंबर कोण घालणार? दुसरा प्रश्न, पहिली नोंदणी कधी झाली? रेसची गाडी रस्त्यावर आलीच नाही, मग नोंदणी कुठून होणार? त्या कारकुनांना मी दोष देत नाही. त्यांनी मला नियम छापील दाखवला.

केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले, ते चांगलंच झालं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. यातली एकही अट मला जाचक वाटत नाही. पण वय मोजायचं पहिल्या नोंदणीपासून, आणि शर्यतीसाठीच जन्मलेल्या गाडीला ती तारीखच नसते. परदेशातून आणलेल्या जुन्या गाडीचा विचार नियमात आहे, आपल्याच माणसांनी आपल्याच वर्कशॉपमध्ये बांधलेल्या गाडीचा नाही.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको असं नियम सांगतो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सांगितलंच आहे. रेसच्या गाडीला मात्र दिवे, मडगार्ड, हॉर्न, आरसा, सायलेन्सर लावल्याशिवाय रस्त्यावर आणताच येत नाही. लावावं तर मूळ रूप बदललं म्हणतील, न लावावं तर रस्त्याला नालायक ठरेल.

मी हे सगळं बसवलं आहे, पण फ्रेमला एकही नवं भोक पाडलेलं नाही. मडगार्डचे कंस क्लॅम्पवर आहेत, दिव्यांची वायरिंग वेगळ्या पट्टीवर आहे. वजन वाचवायला वडिलांनी काढलेला डायनॅमो आणि सेल्फ परत घातला, कारण चौकात बंद पडलेली गाडी ढकलून चालू करणं लोकांच्या जिवाशी खेळ आहे. रेडिएटरला पंखा नव्हता, चन्नम्मा चौकात दोन सिग्नल थांबली तर पाणी उकळलं असतं, तो बसवला. शर्यतीचे 'थंड', म्हणजे उष्णता चटकन बाहेर टाकणारे स्पार्क प्लग हळू चालताना काळे पडतात, ते बदलले. एका दुपारी हे सारं उतरवता येतं आणि खाली वडिलांची गाडी जशीच्या तशी राहते. असं उतरवता येणारं सामान 'फेरफार' धरू नये, एवढंच माझं मागणं आहे.

हे काही जगावेगळं नाही. 1923 साली फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली तेव्हा गाड्यांना दिवे आणि मडगार्ड लागायचेच. 1975 मध्ये काउंट रोसी यांनी पोर्शे 917 ही अस्सल रेसची गाडी रस्त्यावर आणली. युरोपात नंबर मिळेना, तेव्हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यानं दिला आणि ते ती श्टुटगार्टहून पॅरिसला चालवत घेऊन गेले. जर्मनीत तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाड्यांना वेगळी पाटी मिळते.

टिळकवाडीत रात्री सायलेन्सर काढून बुलेट उडवणाऱ्या पोरांचा मलाही संताप येतो. या वाटेनं त्यांना पळवाट मिळावी असं मी म्हणत नाही. प्रत्येक गाडी एकेकटी तपासा. ब्रेक, स्टिअरिंग, आवाज, धूर बघा. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते लांबून दाबावे लागतात हे मी लपवत नाही. तेव्हा वेगाची मर्यादा घाला, फक्त दिवसाउजेडी परवानगी द्या, वर्षाचे दिवस ठरवून द्या. वयाचा पुरावा म्हणून इंजिन नंबर, जुने फोटो आणि जाणकारांची तपासणी धरा. फ्रेमवर नंबर सरकारनंच ठोकून द्यावा. आपल्या भागाच्या खासदारांनी हे केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडं मांडावं, अशी आपल्या पत्रातून विनंती करतो.

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार चौकात येते तेव्हा आमच्या भागातूनही माणसं बघायला जातात. काचेआड उभ्या गाडीसाठी कोण जाईल?

ही गाडी शोलावरमला चालवणारे गृहस्थ आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. निपाणीतच असतात, घराबाहेर पडता येत नाही. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी त्यांना फोनवर आवाज ऐकवला. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "व्हय, तीच. पण अशी न्हाई ऐकायची." टेम्पोत घालून त्यांच्या दारात नेऊन चालू करता येईल, आणि दुसरा इलाज नाही उरला तर तेही करीन. त्यांना मात्र ती लांबून, वळणावर गिअर उतरवत येताना ऐकायची आहे.

आपला,
उद्यमबागेतला एक निवृत्त टर्नर,
अनगोळ, बेळगाव