मॅक वेगळे, पत्ता एकच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला पत्र लिहिले नाही, याची रुखरुख होतीच. आईचा गुडघा आता बरा आहे आणि माझी प्रकृतीही ठीक आहे. आज लिहितो आहे ते लॅबमध्ये घडलेल्या एका गोष्टीमुळे. ती इथे कोणाला सांगावी, तर “रीस्टार्ट करून पाहिले का?” एवढेच विचारतात.

लिनक्सच्या प्रात्यक्षिकांसाठी उबुंटू सर्व्हरची एक व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) तयार करून, केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवर तिचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढून ते मुलांना दिले होते. एक विद्यार्थिनी रडवेली होऊन सांगू लागली, की काल लिहिलेली स्क्रिप्ट आज दिसत नाही आणि जी दिसते ती तिची नाही. आपलेच काहीतरी चुकते आहे, असे तिने धरूनच चालले होते. कन्सोलवरून पाहिले, तर तिच्या आणि शेजारच्या मुलाच्या व्हीएमला एकच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळालेला होता. आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या यादीत दोघांची मिळून एकच लीज (पत्ता ठरावीक काळ दिल्याची नोंद) होती आणि लॅबमधल्या संगणकांच्या एआरपी तक्त्यात (कोणता आयपी कोणत्या मॅकचा, याच्या नोंदीत) त्या पत्त्यापुढे कधी एक मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, दिसे, कधी दुसरा.

होय, मॅक वेगळे होते. दोन्हींची सुरुवात ५२:५४:०० अशीच होती, पण पुढचे आकडे व्हर्ट-क्लोन या क्लोन काढणाऱ्या साधनाने नियमाप्रमाणे बदललेले होते. “मॅक वेगळा, म्हणजे आयपी वेगळा” हे तुझे वाक्य आठवले आणि होस्टेलच्या गच्चीवरचे ते भांडणही, ज्यात तू यंत्रांचे मॅक लिहिलेली वही माझ्यापुढे आपटली होतीस आणि अण्णाने दोघांनाही चहा पाजून झोपायला पाठवले होते. ती वही इथे उपयोगी पडली नसती, मित्रा. क्लायंटने, म्हणजे पत्ता मागणाऱ्या यंत्राने, स्वतःचा आयडेंटिफायर (ओळखक्रमांक) पाठवला, तर सर्व्हरने मॅकऐवजी तोच धरावा, ही तरतूद डीएचसीपीच्या नियमांच्या दस्तऐवजात, १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्येच आहे. उबुंटू सर्व्हर १८.०४ पासून नेटप्लॅन या नेटवर्क-सेटिंगच्या साधनामागे सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा काम करते आणि ती हा आयडेंटिफायर मशीन-आयडीवरून बनवते. मशीन-आयडी म्हणजे ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमधले ३२ हेक्स आकडे, आणि क्लोन करताना ते जसेच्या तसे उतरतात. एकाच शिधापत्रिकेवर दोन घरांनी धान्य मागावे आणि दुकानदाराने चेहरा न पाहता कार्डाचा नंबर पाहावा, तसे हे झाले.

पत्त्याचा घोळ मिटला. मूळ व्हीएममधली मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचे आकडे तयार करतो. डीबस या प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणाऱ्या सेवेकडची त्याची प्रत त्याच फाइलला जोडली आहे ना, हेही पाहून घेतले. नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायरपुढे मॅक लिहूनही भागले असते (तुला तेच आवडले असते), पण मग मशीन-आयडी सगळीकडे सारखाच राहिला असता.

मला खरी काळजी लागली आहे ती एसएसएचची, म्हणजे मुले ज्यातून आपापल्या व्हीएममध्ये दुरून शिरतात त्याची. एका पत्त्यावर अचानक दुसरे यंत्र आले, की एसएसएच होस्ट-की (यंत्राची ओळख पटवणारी किल्ली) बदलल्याचा मोठा इशारा देते आणि पुढे जाऊ देत नाही. इथे इशारा आलाच नाही, कारण होस्ट-कीसुद्धा सगळ्या क्लोनमध्ये एकच होती. लॅबचा पासवर्डही एकच, त्यामुळे मुले एकमेकांच्या व्हीएममध्ये सहज शिरली आणि कोणाला कळले नाही. कोणते काम कोणाचे, हे आता कशावरून ठरवायचे? मी विभागप्रमुखांना सांगितले आहे, की त्या प्रात्यक्षिकांचे गुण कोणालाही द्यायचे नाहीत आणि ती सगळ्यांकडून पुन्हा करून घ्यायची. ते नाराज आहेत, वेळापत्रक आधीच घसरले आहे. पण त्या मुलीला शून्य गुण देण्याची माझी मुळीच तयारी नाही.

तुझ्याकडेही एकाच मूळ व्हीएमवरून कितीतरी यंत्रे निघतात, म्हणून कळकळीने सांगतो, की त्यांचे मशीन-आयडी आणि होस्ट-की आजच पडताळून पाहा. बंद असलेल्या मूळ व्हीएमवर व्हर्ट-सिसप्रेप हे साफसफाईचे साधन चालवले, की दोन्ही निघून जातात. मात्र नव्या होस्ट-की पहिल्या बूटला तयार होतील अशी सोय आधी करून ठेव, नाहीतर एसएसएच सुरूच होणार नाही. याखेरीज क्लोनमध्ये आणखी काय सारखे राहून जाते, याची तुझ्या अनुभवातली यादी मला हवी आहे.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? घराची नोंदणी झाली का? चिरंजीवांना आशीर्वाद. पुढच्या तुकडीला क्लोन देण्याआधी तुझी यादी हाती यावी, एवढे बघ.

तुझाच,
गच्चीवरचा भांडखोर