परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : पीयूसी पास झालेला धूरही जीव घेतो

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गॅरेजमध्ये चालू इंजिनावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. दुचाकी आणि छोट्या चारचाकी, दोन्ही कामं करतो. हा विषय कामगार खात्याचा, असं तुमच्या कार्यालयातून कुणीतरी म्हणेलच. पण ठरावीक संख्येइतकी माणसं असल्याशिवाय कारखान्याचा कायदा लागू होत नाही, ईएसआयसीलाही (कामगारांच्या विम्याची योजना) साधारण दहा लागतात. आमच्याकडे मी धरून चौघं. आरटीओला मात्र आम्ही चांगले ठाऊक आहोत. फिटनेसला न्यायची गाडी आधी आमच्याच दारात येते.

मुद्दा धुराचा आहे. 2000 नंतरच्या जुन्या दुचाकींना पीयूसीत 3.5 टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. रस्त्यावर तो वाऱ्याबरोबर निघून जातो, म्हणून चालतो. खोलीतल्या हवेत हाच वायू 0.12 टक्क्यावर गेला की जिवाला तात्काळ धोका मानतात. गाडी पास होते, पण ती बंद शटरआड चालू ठेवली तर काय, हे सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेलं नसतं.

आणि इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. झड आत येते म्हणून जून ते सप्टेंबर शटर अर्ध्यावर असतं. कार्ब्युरेटरची गाडी, चोक ओढलेला, आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) लावायचं तर इंजिन गरम होईपर्यंत चालूच ठेवावं लागतं, आणि फिटर सायलेन्सरशेजारी उकिडवा बसलेला. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळीतल्या एका गॅरेजमध्ये हेल्परचं डोकं दुखायला लागलं, मग उलटी झाली. पित्त असेल, लिंबू-सोडा घे, असं सगळ्यांचं ठरलं. सोडा प्यायला पोरगा बाहेर टपरीवर गेला, म्हणून वाचला असं माझं मत आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो आणि त्याच्या 200 पटींहून घट्ट धरून बसतो. भिंतीवरचा पंखा आतलीच हवा आत फिरवतो. नव्या बीएस-6 नियमांची गाडी असली तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) तापेपर्यंत तिच्यावर फार विसंबू नये.

उपाय मोठा नाही. सायलेन्सरवर बसणारा, उष्णता सोसणारा पाइप आणि त्याचं दुसरं टोक शटरच्या बाहेर. (बागेचा पाइप लावणारेही बघितलेत. तो वितळतो.) सोबत भिंतीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

पीयूसी केंद्रांना परवानगी तुमचंच खातं देतं. डिझेल गाडी तपासताना इंजिनाला पूर्ण रेस द्यावी लागते, तीही पुन्हा पुन्हा, आणि सायलेन्सरला प्रोब (धूर मोजायची नळी) लावणारा मागेच असतो. त्याच्या केबिनमध्ये अलार्म असल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण करू नका. एवढी अट घालायला नवा कायदा लागणार नाही.

आमच्यासारख्या गॅरेजांकडे मात्र कृपा करून तपासनीस पाठवू नका. तो आला की काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्याऐवजी आरटीओचा एक निरीक्षक आणि आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा एक निदेशक असे दोघं पाठवा, दोन-तीन तासांचा वर्ग घ्यायला. आमची निम्मी पोरं आयटीआयची पायरी चढलेली नाहीत, ती उस्तादाचं बघून शिकतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावावी. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा अचानक फिरू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. हे त्यांना कुणी बसवून सांगितलेलंच नाही.

तुमचा रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम जानेवारीत असतो. हा वर्ग तेव्हा नको, तेव्हा शटर उघडी असतात. मे महिन्याच्या शेवटी घ्या. उद्यमनगरात जागा आम्ही देतो, चहाही आमचा.

आपला,
एक गॅरेजवाला,
कोल्हापूर