चेन खरंच पडली होती का रे?

जळगाव
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. शिव्या घालत असशील, घाल. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, पारा 45 वर. मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

मी शिकवतो त्या सकाळी सहाच्या सायकलिंग बॅचला (जागेवरच्या सायकली रे) कोपऱ्यात एक काकू बसायच्या. ओढणी कमरेला घट्ट बांधून. मी समोर माईक लावून नाचतोय, "चढ आला! नॉबला अजून एक पीळ!" म्हणजे पेडल अजून जड. पुढच्या रांगेतली पोरं ओरडतात अन् मला चेव येतो. तिसऱ्या आठवड्यात काकू दिसेनाशा झाल्या. म्हटलं लग्नसराई, गेल्या असतील कुठे.

परवा बाजारात भरिताची वांगी निवडताना भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही पुढच्या रांगेचे सर. माझे पाय तर ती सायकलच ओढून न्यायची."

वांगं हातातच राहिलं रे. खरंच ओढत असणार. आमच्या सायकली तुझ्या जुन्या खटाऱ्यासारख्या नाहीत. पाय थांबवले तरी जड चाक फिरतंच राहतं, पेडल पायांना फरफटवतं. नॉब हलका ठेवून जोरात मारलं की माणूस सीटवर उडायला लागतो. थांबायचं तर नॉब खाली दाबायचा. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माईकवर, गाणं चालू असताना.

रात्री जाऊन त्यांची सायकल पाहिली. त्यांच्यानंतर तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सीटची पिन खालून दुसऱ्या भोकात! शेजारी उभं राहिलं की सीट कमरेच्या हाडाला यायला हवी, पाय खाली गेला की गुडघ्याला जरासाच बाक. काकू आईपेक्षा उंच. तीन आठवडे गुडघे पोटाशी घेऊन पेडल मारत होत्या, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि मी त्यांना "स्माईल!" म्हणत होतो.

आता दहा मिनिटं आधी जातो. नवीन माणसाची सीट स्वतः लावतो. आधी सगळ्यांना एकच आकडा ओरडायचो. आता सपाटीला मिनिटाला 80 ते 110 फेरे, चढाला 60 ते 80, त्यात जमेल ते. मधेच माईक ठेवून मागे चक्कर मारतो, हळूच विचारतो, "बोलता येतंय ना?" एका आजोबांना विचारलं तर त्यांनी अहिराणीत सुनेची सगळी कहाणी सांगितली, दम न लागता. नॉब बघितला तर शून्यावर.

पण काकूंना फोन करायची हिंमत होत नाहीये. काय म्हणू? सीट चुकली होती, परत या? त्यांनी "राहू दे सर" म्हटलं तर?

आणि तेव्हापासून मला पद्मालय आठवतंय. एरंडोलहून सायकलींवर निघालो, त्या चढावर तू मागे राहिलास. मी देवळाच्या पायऱ्यांवर बसून शेंगा खाल्ल्या. तू आलास तेव्हा हात काळे, तोंड लाल. चेन पडली म्हणालास. मी वर्गभर सांगत सुटलो, बंड्या दमला, चेनचं निमित्त. तू दोन महिने बोलला नव्हतास. नानांनी आपल्याला समोरासमोर बसवून शेवभाजी खायला घातली तेव्हा कुठे मिटलं.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

ती चेन खरंच पडली होती का रे?

तुझा,
पिंट्या