वेल्ह्याच्या आज्जी-आजोबांसाठी गाडी, गोळ्या आणि बोलणारी माणसं हवीत

नमस्कार मंडळी, कोथरूडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडून ही विनंती, जरा लांबलीय पण वाचा.

आम्ही महिन्यातून दोन रविवार वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जातो. बीपी-शुगर तपासायला म्हणून सुरुवात केली होती, पण समोर बसलेली आज्जी बीपीचं बोलतच नाही, सांधे दुखतात, पहाटे तीनलाच जाग येते, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, देवानं आता न्यावं, सगळं एका दमात सांगते आणि घरचे म्हणतात वय झालंय की आता. पोरं पुण्यात नाहीतर चाकणला, म्हातारा गेलेला, पावसाळ्यात तर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हे नुसतं वय नाही हो, डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

सोबत येणारे मानसोपचाराचे डॉक्टर हो-नाही उत्तराचे 15 प्रश्न विचारतात, थायरॉइड आणि बी 12 पण तपासायला सांगतात, कारण त्यानंही माणूस असाच मलूल होतो. खरी अडचण पुढे आहे. मनाचा डॉक्टर म्हटलं की पहिला प्रश्न, "मला येरवड्याला नेताय काय?" म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. ती भीती कशीबशी घालवली, गोळी चालू झाली, की पाच दिवसांत फरक नाही म्हणून पाकीट फळीवर! या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे, उतारवयात कधी त्याहून जास्त लागतात, हे त्यांना कुणीतरी सारखं सांगत राहायला लागतं. 75 पुढच्यांना एसटी फुकट आहे, पण गुडघे गेलेल्या माणसानं फाट्यापर्यंत यायचं कसं?

म्हणून गाडीचं डिझेल, रक्ततपासणी आणि गोळ्या यासाठी पैसे हवेत, जमेल तेवढे द्या, पावती मिळेल. आणि आठवड्यातून एकदा दोन-तीन घरी फोन करणारी माणसं तर फारच हवीत. शिक्षण नको, घाई न करता ऐकता आलं पाहिजे, पिकापाण्याचं बोलता आलं तर उत्तमच. फोन कसा करायचा, काय विचारायचं ते डॉक्टर शिकवतील. कुणी मरणाचं बोललं तर त्याच दिवशी आम्हाला कळवायचं, एवढं मात्र पक्कं.

मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी 5 ते 7 कुणीतरी असतंच. तुमचेच आईवडील गावी एकटे असतील तर मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या आणि आज रात्री एक फोन तुम्ही पण करा.